अर्धी पुडी

भट्टीवर तुझ्यासमोर अकराशे अंश असतात, याकोब.
लाल सळई सापासारखी सरकते
आणि तू नुसता रंग बघून सांगतोस,
तीस कमी आहे, थांबवा.

घरी तुला अठरा हवेत.
फक्त अठरा.
आणि जालन्यात मे महिना आहे.

न्हाणीत वीस लिटरचा कॅन,
त्याला ओलं गोणपाट, वरून माझी जुनी ओढणी,
सलाईनची नळी कॅनच्या झाकणातून निघून
लोणच्याच्या बरणीत बुडालेली.
बुडूक.
लेकरं आंघोळीला अंगणात.
तू घड्याळ लावून बुडबुडे मोजतोस,
मी पाणी मोजते.
टँकर नवव्या दिवशी येतो
आणि तुझं गोणपाट रोज दोन बादल्या पितं,
बिअर व्हायच्या आधीच.

वहीत तुझं तिरकं अक्षर:
डिसेंबर. खोलीत चौदा. दोन पुड्या.
दोन दिवस काहीच नाही, मग सावकाश. चव साफ.
मे. चौतीस. एक पुडी.
रात्रीतून उकळी. झाकण उडालं.

छताचा डाग तू लिहिला नाहीस.
पाहुण्यांना मी सांगते, गळतं.

त्या मेच्या बिअरला पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास
आणि मागून नेलपॉलिशचा.
फिलिपभाऊंनी एक घोट घेतला,
प्रभू तुझं भलं करो म्हणाले,
उरलेला ग्लास कढीपत्त्याच्या बुडाशी ओतला.
तळात गाळ चार बोटं.
एवढं यीस्ट मी टाकलंच नव्हतं, तू म्हणालास,
उन्हात भसाभस वाढतात साले,
एकाचे दोन, दोनाचे चार, कशाचाच धरबंध नाही.

मी तेव्हा दुधाला विरजण लावत होते.
थंडीत पळीभर, उन्हाळ्यात थेंबभर,
हे मला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं.
दुधात बोट घालायचं, बोटाला सोसलं की बस.
कमी टाक की, म्हटलं.
ते बॅक्टेरिया, हे यीस्ट, तू म्हणालास.
बरं.
जात वेगळी, घाई तर तीच.

मग या खेपेला, मला न सांगता,
तू सराफाच्या पोराकडून काटा आणलास,
अकरा ग्रॅममधले साडेपाच मोजलेस,
उरलेली पुडी दुमडून, चिमटा लावून
फ्रीजमध्ये माझ्या मेथीशेजारी ठेवलीस.
मी बघितलं. बोलले नाही.
मनात मात्र लई फुगले.

झाकण उडालं नाही.
पहिला दिवस शांत गेला.
दहाव्या दिवशी तू वाटीत काढून दिलंस
आणि वाटी ओठाशी न्यायच्या आधीच
केळं.
गेल्या सालापेक्षा जास्त केळं.

तू रागावला नाहीस.
वाटी फिरवत बसलास, मग म्हणालास,
दह्याला आंबट व्हायचंच असतं, याला नव्हतं व्हायचं.
साखर तेवढीच, ऊन तेवढंच,
निम्म्या जणांवर सगळं टाकलं मी.
त्यांना आधी आपली माणसं वाढवावी लागली,
मग काम. तोवर डोकं फिरलं त्यांचं.

मिलमधली बिहारची पोरं
लग्नसराईला गावी गेलीत, वीस दिवस झाले.
भट्टी तेवढीच पेटते.
तू दोन पाळ्या करून येतोस
आणि परवा मीठ जास्त झालं म्हणून
ताट सरकवलंस, जे तू कधी करत नाहीस.
हे मी बोलले नाही.
तूही वाटीकडेच बघत होतास.

मासेवाल्या हुसनाबीकडून
मी दहा रुपयांचा बर्फ आणला.
न्हाणीत आले तर तू जमिनीवर बसलेला,
पाठ कॅनला, बनियन काढलेलं,
दंडावर ठिणग्यांचे जुने ठिपके,
थर्मामीटर मांडीवर. एकतीस.
सरक, म्हटलं.
नाही सरकलास.
तेव्हा बादलीतलं पाणी मी
निम्मं गोणपाटावर ओतलं
आणि निम्मं तुझ्या डोक्यावर.

उद्या टँकर नाही.

बरणीत बुडूक.
मग बराच वेळ काही नाही.
मग बुडूक.